कंठमण्याखालची वाट

मंडळी, चहाचा कप जरा बाजूला ठेवा आणि उजव्या हाताचे एक बोट गळ्यावर आणा. हनुवटीखालून ते सरळ खाली उतरवत या. पहिला कठीण उंचवटा लागेल तो कंठमणी. पुरुषमंडळींना तो आरशातही दिसतो, आम्हा बायकांना चाचपावा लागतो. कारण साधे आहे. दोन रुंद पाट्या पुढे एकमेकींना मिळून ही कूर्चा बनते, आणि पुरुषांत तो कोन साधारण ९० अंशांचा, तर बायकांत १२० अंशांच्या आसपास असतो. थायरॉईड या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी 'ढालीसारखे'. ग्रंथीला ते नाव या शेजारच्या ढालीमुळे मिळाले आहे.

कंठमण्यावरून बोट आणखी खाली घसरू द्या. एक मऊ खळगा लागेल, जेमतेम बोटाच्या टोकाएवढा. त्याच्याखाली पुन्हा एक कठीण कडे. याला डॉक्टर क्रिकॉईड म्हणतात. आकार अगदी मुद्रिकेसारखा, फक्त खड्याची रुंद बाजू मागे. श्वासमार्गात पूर्ण गोल असे हे एकच कडे. त्याच्याखालच्या श्वासनलिकेच्या कड्या मागच्या बाजूने उघड्या असतात, घोड्याच्या नालासारख्या.

आता बोट त्या खळग्यावर ठेवून खालचा 'सा' लावा आणि न तुटता वरच्या 'सा'पर्यंत जा. खळगा बुजत जातो, कळतेय? वरची ढाल आणि खालची मुद्रिका जवळ येतात, आतले स्वरतंतू ताणले जातात आणि स्वर चढतो. सतारीची खुंटी पिळावी तसे. मी बारा वर्षे गाणे शिकले, पण माझी ही खुंटी कुठे आहे ते मला गेल्या वर्षी एका सर्जनच्या खोलीत कळले.

झाले असे. गेल्याच्या गेल्या वर्षीच्या आपल्या गणेशोत्सवाचा व्हिडिओ आम्ही एका मैत्रिणीकडे पाहत होतो. मी नांदी म्हणत होते. मध्येच पाण्याचा घोट घेतला, आणि मैत्रीण म्हणाली, "अगं, तुझ्या गळ्यात काहीतरी वरखाली होतंय." व्हिडिओ मागे नेऊन चार वेळा पाहिला. गिळताना खरेच उजव्या बाजूला एक सुपारी वर जाऊन खाली येत होती. थायरॉईडची गाठ गिळताना हलते, कारण ती ग्रंथी स्वरयंत्राला आणि श्वासनलिकेला घट्ट बांधलेली असते. हे अर्थात नंतर वाचले. त्या रात्री फक्त झोप लागली नाही.

पुढचे थोडक्यात सांगते. सोनोग्राफी झाली, सुईने पेशी काढून तपासल्या, आणि उत्तर आले ते असे की ना धड होय, ना धड नाही. अशा वेळी ग्रंथीचा तेवढा अर्धा भाग काढून पूर्ण तपासणे हा एक रस्ता असतो. सर्जनबाईंनी तोच सुचवला. मिरजेला आईला फोन केला, तर ती एवढेच म्हणाली, "गाणाऱ्या गळ्याला सुरी लावायची म्हणतेस?" तिच्या गल्लीच्या टोकाला तंबोरे बनवणाऱ्यांची दुकाने आहेत. तुंब्याला एक चरा गेला तर काय होते ते तिने लहानपणापासून पाहिले आहे.

आईचे भय अडाणी नव्हते. बाबा निवृत्त संस्कृत शिक्षक. त्यांनी दुसऱ्या दिवशी सुश्रुतसंहिता काढून शारीरस्थानातला मर्मांचा भाग मला फोनवर समजावून सांगितला. सुश्रुताने १०७ मर्मे मोजली आहेत. त्यात कंठनाडीच्या दोन्ही बाजूंना मिळून चार धमनी सांगितल्या आहेत, दोन नीला आणि दोन मन्या. तिथे इजा झाली तर माणूस मुका होतो, आवाज बिघडतो, चव कळेनाशी होते, असे तो स्पष्ट म्हणतो. गलगंडाचे वर्णनही त्याच ग्रंथात निदानस्थानात आहे. म्हणजे गळ्याच्या बाजूला हात घालताना आवाज जपावा लागतो, ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे. नेमके काय जपायचे हे मात्र दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलेनने दाखवले. त्याने लोकांसमोर एका ओरडणाऱ्या डुकराच्या मानेतली नस बांधली आणि डुक्कर गप्प झाले. तडफड चालू, आवाज बंद.

ही नस मोठी विचित्र आहे. इंग्रजीत तिला रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह म्हणतात, आपण परतीची नस म्हणू. ती मेंदूकडून निघते, स्वरयंत्राच्या शेजारून न थांबता खाली छातीकडे जाते आणि तिथून वळसा घालून पुन्हा गळ्यात वर येते. डावीकडची महाधमनीच्या कमानीखालून वळते, उजवीकडची खांद्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीखालून. प्लिमथ रोडवरच्या शेजाऱ्याकडे जायला टोलेडोवरून यावे, तसा प्रकार. जिराफात हाच फेरा चार-पाच मीटरचा होतो. गर्भात हृदय आधी मानेजवळ असते आणि पुढे खाली सरकते. जाताना ते या नसेला सोबत ओढून नेते. शंभरातल्या एखाद्या माणसात उजवीकडची नस हा वळसा घेतच नाही, सरळ आडवी स्वरयंत्रात शिरते. त्याची माहिती नसलेल्या सर्जनला ती नको त्या ठिकाणी भेटते.

जाडी सुमारे दोन मिलिमीटर, शेवयाच्या काडीइतकी. स्वरतंतू उघडणारे, मिटणारे जवळजवळ सगळे स्नायू तिच्या ताब्यात. एका बाजूची नस गेली तर आवाज घोगरा आणि हवा सुटणारा होतो, पाणी पिताना ठसका लागतो. दोन्ही गेल्या तर श्वासच अडतो. आणि ही नस जाते कुठून, तर थेट थायरॉईड ग्रंथीच्या पाठीमागून, श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या खाचेतून.

मग सर्जन ती शोधतात कशी? हा प्रश्न घेऊन मी आपल्या विद्यापीठाच्या टाउबमन लायब्ररीतले लेख वाचत बसले. रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या माणसाला भीती वाटली की तो संदर्भ शोधतो, दुसरे काही येत नाही.

जुन्या लोकांचे उत्तर होते की शोधूच नका. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या थिओडोर कोखर यांनी थायरॉईडची शस्त्रक्रिया माणसाच्या आवाक्यात आणली आणि १९०९ चे नोबेल पारितोषिक मिळवले. त्या काळचा शहाणपणा असा की नसेच्या वाटेला जाऊ नये, ग्रंथीचा मागचा थोडा भाग तसाच ठेवावा. १९३८ साली बॉस्टनच्या फ्रँक लेही यांनी याच्या उलट सांगितले. प्रत्येक ऑपरेशनमध्ये नस उघडी करा, डोळ्यांनी पाहा आणि मग कापा. जी दिसते ती वाचते. आज हाच नियम आहे. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने २०१३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही नस ओळखण्यावर ठाम भर आहे.

पण शोधायला खूण हवी, आणि इथे खरी गंमत आहे. पहिली खूण म्हणून बरीच वर्षे ग्रंथीकडे येणारी खालची धमनी वापरत. ती दिसायला सोपी. पण नस तिच्या कधी पुढून जाते, कधी मागून, कधी तिच्या फांद्यांच्या मधून. दुसरी खूण ग्रंथीच्याच कडेला असलेला एक उंचवटा, एमिल झुकरकँडल यांनी १९०२ मध्ये वर्णन केलेला. नस बहुधा त्याच्या पाठीमागे सापडते. खूण चांगली, पण तो उंचवटा सगळ्यांत ठळक नसतो आणि ग्रंथी सुजली की त्याचाही आकार बदलतो. तिसरी खूण स्वरयंत्राचीच. मघाशी चाचपलेल्या ढालीच्या मागच्या कडांना खाली दोन छोटी शिंगे असतात, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. ही शिंगे मुद्रिकेला जिथे टेकतात त्या सांध्याच्या अगदी मागून परतीची नस स्वरयंत्रात शिरते. गाठ केवढीही असो, आधीचे ऑपरेशन झालेले असो, सगळे चिकटून गेलेले असो, नस दारातून आत जाते ती इथूनच. वाटेत सापडली नाही तर सर्जन बोटाने हे शिंग शोधतात, तिथे नस पकडतात आणि उलट्या दिशेने खाली माग काढत जातात.

मला हे वाचून एकदम घरच्यासारखे वाटले. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही नमुन्यात एक असा पदार्थ मुद्दाम घालतो जो कशाशीही अभिक्रिया करत नाही. बाकी सगळे सरकले तरी तो जागचा हलत नाही, आणि सगळी मोजमापे त्याच्यापासून घ्यायची. गळ्यात गाठ वाढते, रक्तवाहिन्या बाजूला ढकलल्या जातात, पण कूर्चेचे शिंग जागचे हलत नाही. आजाराने न हललेली खूण धरायची, एवढीच त्यातली युक्ती. मी हे सर्जनबाईंना सांगितले तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या की त्यांच्या विद्यार्थ्यांना त्या यापुढे असेच सांगतील.

सगळ्यात अवघड जागा मात्र या दाराच्या उंबरठ्यावरच आहे. जेम्स बेरी यांच्या नावाचा एक चिवट बंध ग्रंथीला तिथेच श्वासनलिकेशी बांधून ठेवतो, आणि नस त्याला जवळजवळ घासून जाते. ग्रंथी ओढली की बंध ओढला जातो आणि नसही. पुष्कळदा नस कापली जात नाही, ताणली जाते. म्हणून काही आवाज आठवड्यांत परत येतात, काहींना महिने लागतात. अनुभवी हातांत कायमची इजा शंभरात एक-दोघांना होते.

इथे आपल्या गावाबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. मिशिगन हा गलगंडाचा प्रांत होता. बर्फयुगातल्या हिमनद्यांनी धुऊन नेलेल्या या मातीत आयोडीन कमी. पहिल्या महायुद्धाच्या भरतीत ह्यूटन काउंटीतले डॉक्टर सायमन लेव्हिन यांना दिसले की तपासलेल्या तरुणांपैकी जवळजवळ ३० टक्क्यांची थायरॉईड वाढलेली आहे; काहींचे गळे तर गणवेशाच्या कॉलरमध्ये मावत नव्हते. त्यानंतर ॲन आर्बरच्या विद्यापीठातले बालरोगतज्ज्ञ डेव्हिड मरी काउई यांनी मिठात आयोडीन घालण्याचा आग्रह धरला, मीठवाल्या कंपन्यांना बसवून पटवले, आणि १ मे १९२४ रोजी अमेरिकेतले पहिले आयोडीनयुक्त मीठ मिशिगनच्या दुकानांत आले. भारताचा राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ चा. (जाता जाता, आपल्यापैकी पुष्कळ घरांत हल्ली फक्त सैंधव किंवा गुलाबी मीठ असते. त्यात बहुधा आयोडीन घातलेले नसते. डब्यावरची चिठ्ठी एकदा वाचा. माझी गाठ मिठामुळे झाली नव्हती, तरी मी आता वाचते.)

शस्त्रक्रियेतही हे गाव मागे नाही. १९७३ साली इथल्याच नॉर्मन थॉम्प्सन यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर थायरॉईडच्या शस्त्रक्रियेचे तंत्र कसे घडत गेले यावर एक लेख लिहिला. ग्रंथीच्या अगदी आवरणाला चिकटून, एकेक बारीक रक्तवाहिनी बांधत आत जायचे, म्हणजे नसही राहते आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथींचे रक्तही राहते, ही पद्धत त्यात सविस्तर आहे. मी तो लेख झेरॉक्स करून सर्जनबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी तो अर्थातच वाचलेला होता. पण त्यांनी मला वेडी समजले नाही, उलट कागद पालटून मागे माझ्या गळ्याचे चित्र काढून दिले. ते चित्र अजून फ्रिजवर आहे.

तेव्हा मी गाण्याचे विचारले, आणि दुसऱ्या नसेची ओळख झाली. मघाशी खळगा बुजवून दाखवला तो स्नायू परतीच्या नसेवर चालत नाही. त्याच्यासाठी वरून येणारी वेगळी बारीक नस आहे, आणि ती ग्रंथीच्या वरच्या टोकाजवळून जाते, कधी कधी एक सेंटिमीटरहूनही कमी अंतरावरून. तिला धक्का लागला तर बोलणे ठीक राहते, पण वरचे स्वर जातात, आवाज लवकर थकतो, लांबून हाक मारता येत नाही. बोलण्यापुरता आवाज वापरणाऱ्याला कदाचित पत्ताही लागणार नाही. सर्जनच्या पुस्तकांतून वर्षानुवर्षे अमेलिता गाली-कुर्ची या इटालियन गायिकेची गोष्ट सांगतात. १९३५ मध्ये शिकागोला तिच्या गलगंडाचे ऑपरेशन झाले आणि या नसेला इजा होऊन तिचे गाणे संपले, अशी ती गोष्ट. २००१ मध्ये दोन सर्जननी जुने पुरावे तपासून यावर जोरदार शंका घेतली आहे. तिचा आवाज आधीपासूनच उतरणीला लागला होता असे दिसते. गोष्ट खरी असो वा नसो, तिच्यामुळे ही नस सर्जनांच्या लक्षात राहिली हे मात्र चांगले झाले.

ऑपरेशनच्या सकाळी श्वासाच्या नळीवर स्वरतंतूंना टेकणारे विजेचे पट्टे असतात हे भूलतज्ज्ञांनी दाखवले. सर्जन सळईने नसेला बारीकसा विजेचा स्पर्श करतात, स्वरतंतू हलला की यंत्र टिकटिकते. सोय चांगली आहे, पण आधी डोळ्यांनी आणि बोटांनी शोधावे लागतेच. यंत्र फक्त खात्री करते.

शुद्धीवर आले तेव्हा नर्सने नाव विचारले. मी ते सांगितले, तेव्हा खरखर होती, पण ती नळीची. संध्याकाळी आईचा फोन. तब्येत विचारली नाही. म्हणाली, "सा लाव बघू." लागला. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "ठीक. आता बोलू नकोस." आठ दिवसांनी तपासणीचा निकाल आला: गाठ साधी होती.

आता, दुर्दैवाने नस कायमची गेलीच तर? तेव्हाही याच खुणा कामाला येतात. जपानमधल्या नोबुहिको इश्शिकी यांनी १९७४ मध्ये एक पद्धत सांगितली. कंठमण्याची वरची खाच आणि त्याच ढालीची खालची कड यांच्या बरोबर मध्यावर, आतल्या बाजूला, स्वरतंतूंची पातळी असते. त्या पातळीवर, मधल्या रेषेपासून बायकांत सुमारे पाच आणि पुरुषांत सात मिलिमीटर मागे, ढालीत एक छोटी आयताकृती खिडकी पाडायची आणि तिथून पाचर सारून लुळा पडलेला स्वरतंतू मध्यावर आणायचा. अनेकदा फक्त गळा बधिर करून हे करतात आणि रुग्णाला बोलायला लावून आवाज जुळवतात. आईला हे सांगितले तर ती म्हणाली, "म्हणजे जवारी काढतात." याहून नेमके मला जमले नसते.

आणि तो मऊ खळगा लक्षात ठेवा. श्वास पूर्ण अडला आणि दुसरा कुठलाच मार्ग उरला नाही, तर डॉक्टर तिथूनच श्वासमार्ग उघडतात, कारण तिथे कातडीखाली लगेच हवा आहे. १९२१ मध्ये शेव्हॅलिए जॅक्सन यांनी मुद्रिकेला धक्का लागून श्वासमार्ग आखडतो असे बजावल्यावर ही वाट बरीच वर्षे जवळजवळ बंदच होती. १९७६ मध्ये ब्रँटिगन आणि ग्रो यांनी ६५५ रुग्णांचा अनुभव मांडला तेव्हा ती पुन्हा उघडली. घरी मात्र कोणी हा प्रयोग करू नये. पार्टीत कुणाला घास अडकला तर आधी पाठीवर थापा, मग पोटाला दाब, असे आळीपाळीने करायचे आणि ९११.

या वर्षी आपल्यापैकी तिघींनी मला थायरॉईडच्या ऑपरेशनबद्दल विचारले, म्हणून हा लेख. सर्जनला काय विचारावे, तर वर्षाला अशी किती ऑपरेशने करता हे बेधडक विचारा. २०१७ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात वर्षाला २५ हून अधिक करणाऱ्यांच्या रुग्णांना कमी त्रास झालेला दिसला. ऑपरेशनच्या आधी स्वरतंतू पाहणार का, तेही विचारा. गात असाल, शाळेत शिकवत असाल, दिवसभर फोनवर काम असेल, तर ते त्यांना आपणहून सांगा. गळा पाहून ते कळत नाही. आई-वडील इथे आले असताना हा प्रसंग आला तर रुग्णालयाकडे मराठी दुभाषा मागा. मुलांनी भाषांतर केले की भीतीचे प्रश्न आईबाप विचारत नाहीत, हा माझा अनुभव. मला फोन केलात तरी चालेल, नंबर सभासद-यादीत आहे. रात्री नऊनंतर करा, तोपर्यंत मुलांचा गृहपाठ चालतो.

माझे खालचे स्वर महिन्याभरात जागेवर आले. वरच्या 'सा'ला अडीच महिने लागले, आणि त्यापुढचा पंचम अजून दुसऱ्या तासाला दमतो. ती वरची नस ऑपरेशनमध्ये डोळ्यांना स्पष्ट दिसली नव्हती, असे सर्जनबाईंनी प्रामाणिकपणे सांगितले. ती प्रत्येकात दिसतेच असे नाही. तेव्हा पेटीवाल्यांनी कृपया नोंद घ्यावी: यंदाची नांदी काळी चारऐवजी काळी तीनमध्ये. सराव रविवारी तीन वाजता, नेहमीच्याच बेसमेंटमध्ये.